डिप्लोमाचा अभ्यास आणि कॅस एकत्र कसं सांभाळायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमाला, म्हणजे अकरावी-बारावीच्या पातळीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला, प्रवेश घेतला की पहिल्या काही आठवड्यांत मुलं आणि त्यांचे आईवडील हमखास जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. कॅसच्या, म्हणजे डिप्लोमाबरोबर करायच्या उपक्रमांच्या निमित्तानं मुलांबरोबर रोज काम करताना माझं जे मत झालं आहे ते आधीच सांगते. कॅसमुळे अभ्यास बुडत नाही. अभ्यास बुडतो तो सगळी कामं एकाच वेळी अंगावर आल्यामुळे. म्हणून पुढच्या बहुतेक उत्तरांत एकच आग्रह दिसेल: थोडं करा, पण दर आठवड्याला करा आणि जड कामं पहिल्या वर्षात उरका.

कॅस म्हणजे नेमकं काय?

क्रिएटिव्हिटी, ॲक्टिव्हिटी आणि सर्व्हिस. म्हणजे काहीतरी सर्जनशील, काहीतरी शरीराला कामाला लावणारं आणि दुसऱ्याच्या खऱ्या गरजेसाठी केलेलं काही काम. डिप्लोमाचे सहा विषय एका बाजूला, आणि एक्सटेंडेड एसे (दीर्घ संशोधन-निबंध), टीओके (थिअरी ऑफ नॉलेज, म्हणजे ज्ञान कसं मिळतं याचा विचार) व कॅस हा गाभा दुसऱ्या बाजूला, अशी या अभ्यासक्रमाची रचना आहे.

ही कल्पना मुलांचा वेळ भरून काढण्यासाठी नंतर जोडलेली नाही. आयबीची स्थापना १९६८ साली जिनिव्हात झाली. तिच्या जडणघडणीत वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजचा मोठा वाटा होता. १९६२ साली सुरू झालेलं हे कॉलेज शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या विचारातून उभं राहिलं होतं. पुस्तकी अभ्यास, मैदानी कष्ट आणि समाजासाठी काम यांची फारकत करू नये, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. आज कॅसमध्ये जे दिसतं त्याचं मूळ तिथे आहे.

कॅसला मार्कच नाहीत, मग त्याचा एवढा बाऊ कशाला?

मार्क नाहीत हे खरं. डिप्लोमाचे एकूण ४५ गुण असतात: सहा विषयांचे प्रत्येकी ७ प्रमाणे ४२, आणि एक्सटेंडेड एसे व टीओके मिळून जास्तीत जास्त ३. कॅसच्या वाट्याला शून्य. पण कॅस पूर्ण नसेल तर बाकीचे कितीही गुण मिळवले तरी डिप्लोमा मिळत नाही. एवढं कारण पुरेसं आहे.

एकूण किती तास करायचं?

तासांची अट आता नाही. पूर्वी सुमारे १५० तास, म्हणजे आठवड्याला तीन-चार तास, असा अंदाज दिला जायचा. तो आकडा अजूनही पालकांच्या बोलण्यात येतो. आताची अपेक्षा सातत्याची आहे. डिप्लोमा सुरू झाल्यापासून किमान १८ महिने, शक्यतो दर आठवड्याला, काही ना काही चालू असलं पाहिजे. सुट्टीत दहा दिवस राबून वर्षभराचा कोटा संपवता येत नाही.

नियोजनासाठी आठवड्याला तीन तास धरा. त्याहून जास्त झालं तर आनंदच आहे, पण वेळापत्रकात तीनच लिहा.

तिन्ही प्रकारांना समान वेळ द्यायचा का?

नाही. तिन्ही असायला हवेत आणि एकूण चित्रात वाजवी समतोल हवा, बस. एखाद्या महिन्यात नाटकाच्या तालमीच चालल्या आणि धावणं मागे पडलं तर बिघडत नाही. पुढच्या महिन्यात धावा. दर आठवड्याला तिन्ही रकाने भरायचा हट्ट धरणारी मुलं सगळ्यात आधी थकतात.

अभ्यासच इतका आहे. वेळ आणायचा कुठून?

हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर देते.

आधी भार किती आहे ते पाहू. हायर लेव्हलच्या विषयाला दोन वर्षांत २४० तास शिकवणं अपेक्षित असतं, स्टँडर्ड लेव्हलला १५०. तीन हायर आणि तीन स्टँडर्ड धरले तर १,१७० तास नुसते वर्गातले. टीओकेचे १०० तास वेगळे. एक्सटेंडेड एसेवर साधारण ४० तासांचं काम धरलेलं असतं. घरचा अभ्यास यात नाही. या ढिगात कॅसचे आठवड्याचे तीन तास खूप नाहीत, पण ते ठरवून ठेवले नाहीत तर सापडतही नाहीत.

खरी कोंडी दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत होते. प्रत्येक विषयाच्या आयएचा (इंटर्नल असेसमेंट, म्हणजे शाळेत तपासलं जाणारं काम) मसुदा, ४,००० शब्दांपर्यंतच्या एक्सटेंडेड एसेची शेवटची फेरी, टीओकेचा १,६०० शब्दांचा निबंध, विद्यापीठांचे अर्ज आणि पुढ्यात उभ्या असलेल्या मॉक्स, म्हणजे सराव परीक्षा. सगळं एकाच वेळी दारात. त्या वेळी कॅस प्रोजेक्टही अर्धाच असेल तर मुलं रडकुंडीला येतात, आणि दोष मात्र कॅसला मिळतो. म्हणून प्रोजेक्ट पहिल्या वर्षातच पूर्ण करा. दुसऱ्या वर्षासाठी फक्त हलक्या, सवयीच्या गोष्टी ठेवा: आठवड्यातून दोनदा पोहणं, एकदा गिटार, एकदा धाकट्या मुलांची शिकवणी.

दुसरी गोष्ट अभ्यासाच्या पद्धतीची. बराच वेळ वाया जातो तो तेच पान पुन्हा पुन्हा वाचण्यात. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. याचा अर्थ, पुस्तक मिटून आठवायचा कंटाळवाणा सराव केला तर तितक्याच वेळात धडा जास्त टिकतो. पुढच्या महिन्यात तोच धडा पहिल्यापासून धरावा लागत नाही आणि वेळ तिथे वाचतो.

तिसरं, आठवडा कागदावर मांडा. मी मुलांना आधी झोप, मग शाळा, मग कॅसचे ठरलेले तीन तास आणि उरलेल्या जागेत अभ्यास भरायला सांगते. पालकांना हा क्रम उलटा वाटतो. पण अभ्यासाला शेवट नसतो, तो असेल तेवढी जागा व्यापतो. मंगळवारी साडेपाचला सराव आहे हे माहीत असलं की चार ते सव्वापाच या वेळेत गणिताचे प्रश्न खरोखर सुटतात. समोर मोकळी संध्याकाळ असली की तेच प्रश्न रात्री दहापर्यंत रेंगाळतात.

मी लहानपणापासून नृत्य शिकते. ते चालेल का?

चालेल, पण जसंच्या तसं नाही. त्यात तुमच्यासाठी नवीन काय आहे ते दिसलं पाहिजे. स्वतः रचना बसवणं, लहान मुलींना शिकवणं, कधीच न केलेली शैली हाती घेणं, यांपैकी काहीही. आणि एक पक्कं लक्षात ठेवा: एखाद्या विषयाचा भाग म्हणून केलेलं काम कॅसमध्ये धरत नाहीत. थिएटर हा तुमचा विषय असेल तर त्यासाठी बसवलेला प्रयोग कॅसमध्ये दाखवता येणार नाही. शाळेबाहेरच्या गटाबरोबर केलेलं नाटक येईल.

मला खेळ अजिबात जमत नाहीत.

ॲक्टिव्हिटीसाठी स्पर्धेत उतरावं लागत नाही. चालणं, योगासनं, सायकल, डोंगर चढणं, दोरीवरच्या उड्या, सगळं चालतं. आज १० मिनिटं सलग पळता येत नसेल आणि तीन महिन्यांनी २५ मिनिटं येत असेल, तर कॅसच्या दृष्टीनं ती भरघोस प्रगती आहे. संघातल्या कॅप्टनपेक्षा अशा मुलाच्या नोंदी पुष्कळदा जास्त वाचनीय असतात.

कॅस बाजूला ठेवलं तरी शरीराला हालचाल हवीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस दमछाक होईल असा आणि स्नायू-हाडं बळकट करणारा व्यायाम त्यात असावा. डिप्लोमाची मुलं दिवसाचे कितीतरी तास खुर्चीत असतात, त्यांना हे जास्तच लागू आहे.

सर्व्हिसमध्ये काय धरतात आणि काय नाही?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. दुकानातून वस्तू आणून संस्थेत देऊन फोटो काढणं, एवढ्यावर सर्व्हिस होत नाही. ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांना विचारून गरज शोधलेली हवी, आणि काम दोन्ही बाजूंना काही शिकवणारं हवं. पैसे घेऊन केलेलं काम चालत नाही. घरातल्या आजी-आजोबांची काळजी घेणं मोलाचं आहे, पण ते घरचं कर्तव्य; त्यासाठी कॅसची नोंद लागत नाही. धर्मप्रसार किंवा एखाद्या पक्षाचा प्रचारही टाळा.

सर्व्हिसचे चार प्रकार मानतात. थेट, म्हणजे माणसांसमोर बसून केलेलं काम, जसं वाचन शिकवणं. अप्रत्यक्ष, म्हणजे समोर कोणी नसताना केलेलं, जसं एखाद्या संस्थेसाठी वेबसाइट बनवणं. तिसरा प्रकार जनजागृतीचा. चौथा संशोधनाचा, म्हणजे परिसरातल्या पाण्याचे नमुने तपासून अहवाल देणं, अशा स्वरूपाचा.

एक उदाहरण जवळून पाहू. एक मुलगा वृद्धाश्रमात ‘काँप्युटर शिकवायला’ गेला. पहिल्या दिवशी स्लाइड्स घेऊन गेला आणि कोणालाच त्यात रस नाही हे त्याला दिसलं. त्यानं लॅपटॉप मिटला आणि त्यांना विचारलं, तुम्हाला फोनवर नेमकं काय करायचंय? एका आजोबांना अक्षरं मोठी करायची होती. एका आजींना नातवाचा व्हॉइस मेसेज परत ऐकायचा होता, आणि बोट कुठे दाबून धरायचं ते दरवेळी विसरायला व्हायचं. त्यानं त्यांच्या वहीत फोनच्या पडद्याचं चित्र काढून दाबायच्या जागेवर लाल गोल केला. पुढे प्रत्येकासाठी असं एकेक पान तयार होत गेलं. स्लाइड्स परत उघडल्या नाहीत. मला सर्व्हिस म्हणून हे हवं असतं. आधी विचारलेलं, मग बदललेलं, आणि आठवड्यामागून आठवडे टिकलेलं.

कॅस प्रोजेक्ट वेगळा काय असतो?

निदान एक प्रोजेक्ट करावाच लागतो. तो इतरांबरोबर मिळून करायचा असतो आणि नियोजनापासून शेवटापर्यंत किमान एक महिना चालायला हवा. तिन्ही प्रकार त्यात असलेच पाहिजेत असं नाही, एक असला तरी चालतं. पाच टप्पे सांगितले जातात: शोध, तयारी, कृती, चिंतन आणि सादरीकरण.

गट तीन-चार जणांचा ठेवा. दहा जणांच्या गटात भेटीची वेळ ठरवण्यातच महिना जातो.

रिफ्लेक्शन, म्हणजे अनुभवावरची चिंतनाची नोंद, लिहायचा कंटाळा येतो. ते कसं लिहू?

कंटाळा येतो कारण बहुतेक जण ते दोन महिन्यांनी, आठवून, शिक्षकांना बरं वाटावं म्हणून लिहितात. मग अशी वाक्यं येतात: ‘या उपक्रमातून मला संघभावना आणि वेळेचं महत्त्व कळलं.’ हे कोणीही, कशाबद्दलही लिहू शकेल.

त्याच दिवशी पाच मिनिटं काढा आणि चार गोष्टींना हात घाला: काय घडलं, काय वाटलं, काय सुचलं, कोणता प्रश्न पडला. चारही दरवेळी नकोत. तालमीहून आलेल्या एका मुलीची अशी नोंद असू शकते: ‘आज तिसऱ्या प्रवेशात मी दिग्दर्शकावर चिडले, कारण तिनं माझं वाक्य कापलं. घरी येताना लक्षात आलं की वाक्य गेल्यावर प्रवेश पळायला लागला होता. मला प्रवेशापेक्षा माझं वाक्य जास्त आवडत होतं का?’ तीन वाक्यं, पण यात माणूस दिसतो. हीच नोंद पुढे कॅसच्या मुलाखतीत अर्धा तास पुरते.

लिहायचा फारच कंटाळा असेल तर ऑडिओ रेकॉर्ड करा, चित्र काढा, छोटा व्हिडिओ करा. लेखी निबंधच हवा असा नियम नाही. प्रत्येक सत्रानंतर नोंद हवी असंही नाही. जेव्हा काही हललं, अडलं किंवा बदललं तेव्हा लिहा. ‘आज नेहमीप्रमाणे सराव झाला’ अशा वीस नोंदींनी पोर्टफोलिओ, म्हणजे कॅसच्या नोंदींचा संग्रह, नुसता फुगतो.

कॅसमधून साध्य व्हायचे ते सात लर्निंग आउटकम्स काय आहेत? सगळे लागतात का?

हो, १८ महिन्यांच्या शेवटी प्रत्येकाचा पुरावा निदान एकदा दिसायला हवा. आपली बलस्थानं आणि उणिवा ओळखणं, आव्हान स्वीकारून नवं कौशल्य मिळवणं, स्वतः पुढाकार घेऊन आखणी करणं, चिकाटी, सहकार्य, जागतिक महत्त्वाच्या प्रश्नाशी भिडणं आणि आपल्या कृतीच्या नैतिक बाजूचा विचार करणं. शेवटचे दोन मुलांकडून सुटतात. पहिल्या वर्षाच्या अखेरीला यादी समोर ठेवून काय राहिलंय ते पाहा, म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही.

मॉक्स आल्या की कॅस थांबवावं का?

प्रोजेक्ट आणि नवीन काही सुरू करणं थांबवा. व्यायाम थांबवू नका. परीक्षेच्या आधी दोन-तीन आठवडे सर्व्हिसला जाता येणार नसेल तर तिथल्या माणसांना आधी सांगा. न सांगता गायब होणं मला पटत नाही. तुमच्यासाठी तो उपक्रम असला तरी पलीकडे कोणीतरी वाट पाहत असतं.

मुलगा रात्री एकपर्यंत जागतो. खेळ बंद करू का?

खेळ बंद करून झोप वाढेल याची खात्री नाही, मोकळा झालेला वेळ बहुधा स्क्रीनकडे जातो. १३ ते १८ या वयाला ८ ते १० तास झोप लागते, अशी झोपेच्या तज्ज्ञांची शिफारस आहे. या वयात शरीराचं घड्याळही पुढे सरकतं आणि झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा तयार व्हायला लागतं. त्यामुळे ‘दहाला आडवा हो’ म्हटलं की झोप येईलच असं नाही, आणि त्यात प्रत्येक वेळी आळस किंवा हट्ट नसतो. फोन खोलीबाहेर ठेवणं, सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ फार न बदलणं आणि सराव संध्याकाळी लवकर संपवणं, यांनी फरक पडतो.

तरीही झोप भरत नसेल तर एखादी गोष्ट कमी करा. मी आधी उपक्रमांची संख्या कमी करायला सांगते. पाच ठिकाणी नाव असलेल्या मुलाचं निम्म्या ठिकाणी मन नसतंच.

मार्क घसरले. आता कॅस बंद करायला सांगू का?

आईवडिलांची काळजी मी समजू शकते. पण आधी त्याला विचारा की मागच्या आठवड्यात कुठल्या दिवशी काय केलं. दोघांनी मिळून ते कागदावर लिहा. कॅसचे तास तीनच निघाले तर कारण दुसरीकडे आहे: एखादा विषय समजत नसेल, हायर लेव्हलची निवड चुकली असेल, मन कशात तरी अडकलं असेल. तास दहा-बारा निघाले तर जरूर कमी करा, आणि शाळेतल्या कॅस कोऑर्डिनेटरशी बोलून करा. शिक्षा म्हणून तबला किंवा फुटबॉल काढून घेऊ नका. वाईट आठवड्यात मुलाला ‘मला काहीतरी येतं’ असं वाटायची तेवढीच एक जागा असू शकते.

एखादी गोष्ट मध्येच सोडली तर चालेल?

चालेल. का सोडली ते प्रामाणिकपणे लिहा. तीही चांगली नोंद होते.

परदेशी विद्यापीठांना दाखवायला जास्त उपक्रम हवेत ना?

यादी लांब केल्यानं अर्ज भारदस्त होत नाही. दोन वर्षं टिकवलेली एखादी गोष्ट, तिच्यात वाढत गेलेली जबाबदारी आणि तिच्याबद्दल स्वतःच्या शब्दांत बोलता येणं, याचा उपयोग जास्त. शिवाय अनेक देशांतली विद्यापीठं प्रवेश मुख्यतः गुणांवर आणि विषयाच्या आवडीवर देतात. तिथे उपक्रमांची यादी फार वाचलीही जात नाही. कुठे अर्ज करायचा ते आधी पाहा.

आमच्या शाळेत आयबी नाही. असं काही करता येईल का?

ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्काराबद्दल चौकशी करा. तो ब्रिटनमध्ये १९५६ साली सुरू झाला, त्यामागेही कुर्ट हान यांचीच प्रेरणा होती, आणि आज तो अनेक देशांत चालतो. ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा तीन पातळ्या आहेत. वयाच्या १४ व्या वर्षापासून सुरुवात करता येते. सेवा, कौशल्य, व्यायाम आणि साहसी प्रवास असे त्याचे भाग आहेत. तोही उपलब्ध नसेल तर एक वही आणि आठवड्याचे तीन तास एवढ्यावर स्वतःच सुरुवात करा.

चार-पाच महिनेच उरलेत आणि माझं जवळजवळ काहीच झालेलं नाही.

आजच कोऑर्डिनेटरला खरं सांगा. मागच्या तारखा टाकून नोंदी बनवू नका. त्या बनावट आहेत हे वाचताना कळतं, आणि तसं झालं तर प्रश्न कॅसपुरता राहत नाही. मग जे खरोखर केलंय ते गोळा करा: फोनमधले फोटो, मेसेज, तालमींचं वेळापत्रक. पुष्कळदा मुलांनी काम केलेलं असतं, नोंदलेलं नसतं. त्यानंतर एक नियमित व्यायाम, एक सर्व्हिस आणि मित्रांबरोबरचा एक महिन्याचा प्रोजेक्ट, एवढंच लगेच सुरू करा.

मुलाखती किती असतात आणि त्यांत काय विचारतात?

औपचारिक मुलाखती तीन: सुरुवातीला, पहिल्या वर्षाच्या शेवटी आणि कॅस संपताना. पहिलीत तुम्हाला काय आवडतं आणि काय करायचं मनात आहे ते विचारतात. दुसरीत काय जमलं, काय अडलं आणि कोणते आउटकम्स बाकी आहेत. तिसरीत पूर्ण प्रवासाबद्दल बोलायचं असतं. पाठांतर करून जाऊ नका. पोर्टफोलिओ उघडून बसा, तुम्हाला स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या तीन-चार नोंदी आधी खुणा करून ठेवा, आणि विचारलं की त्या दाखवत बोला.